व्हिएतनामचा ई-व्हिसा सांगलीत बसून काढताना: सेवा चांगली, चुकीला माफी नाही

व्हिएतनाम सरकारची ई-व्हिसा सेवा स्वस्त आहे, बऱ्यापैकी वेळेवर आहे, आणि तुम्ही जे टाईप कराल ते जसंच्या तसं छापून देते. या शेवटच्या गुणामुळेच सांगली-मिरज, कराड, साताऱ्याकडचे अर्ज अडकतात. पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. पाचवा कुठे गेला ते खाली येईलच.

१५ ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदाच प्रवेश हवा असेल तर फी २५ डॉलर, अनेक वेळा हवा असेल तर ५० डॉलर. एकेरी व्हिसाचे सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होतात, वर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही. मुंबईत व्हिएतनामचा महावाणिज्य दूतावास आहे, पण ई-व्हिसासाठी तिथे खेटे घालायची गरज नाही. सगळं काम घरी बसून होतं, फक्त साईट खरी हवी. खऱ्या साईटचा पत्ता ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ने संपतो. गूगलवर वरच येणाऱ्या ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट ऑर्ग’वाल्या साईट खाजगी दलालांच्या असतात. दिसायला सरकारी, फी मात्र दुपटी-तिपटीची.

आता नावाकडे येऊ, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. फॉर्मवर दोन रकाने आहेत: एकात आडनाव, दुसऱ्यात पहिलं आणि मधलं नाव एकत्र. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बहुतेकांचं नाव वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट छापलेलं असतं. म्हणजे पासपोर्टवर आडनाव पाटील आणि नाव ‘सुनीता रमेश’ असेल, तर फॉर्मवरही ‘सुनीता रमेश’ पूर्ण गेलं पाहिजे. नुसतं ‘सुनीता’ लिहिलं तर व्हिसा नुसत्या सुनीताच्या नावाचा येतो आणि पासपोर्टशी जुळत नाही. शंका असेल तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी मशीनसाठी छापलेल्या दोन ओळी बघा. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव, मग दोन बाण (<<), मग उरलेलं नाव असतं. तेच स्पेलिंग, तीच फोड, फॉर्मवर उतरवायची.

लग्नानंतरचं नाव हा याच्याही वरचा प्रकार. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, आणि तिकीट काढणाऱ्या भाच्याने आधार बघून तिकीट काढलेलं. देशातल्या विमानाला हे खपून जातं, परदेशी जाताना नाही. तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टप्रमाणेच हवेत. पासपोर्टवरचं नाव बदलून घ्यायचं असेल तर ते काम आधी उरका. नवीन पासपोर्टचा नंबर नवा असतो, त्यामुळे जुन्या नंबरवर काढलेला व्हिसा त्याला चालत नाही. बहुतेक भारतीय पासपोर्टचा नंबर म्हणजे एक अक्षर आणि सात आकडे. पहिल्या जागेवर अक्षर, पुढे सगळे आकडे, एवढं लक्षात ठेवलं तर ‘ओ’ आणि शून्याचा गोंधळ होत नाही.

फॉर्मवर ‘पासपोर्टमध्ये समाविष्ट १४ वर्षांखालील मुलं’ असा एक भाग आहे. तो कोरा सोडा. आपल्याकडे तान्ह्या बाळाचाही स्वतंत्र पासपोर्ट असतो, म्हणून त्याचा अर्ज वेगळा आणि फीही वेगळी. आईच्या फॉर्मवर मुलांची नावं भरून सगळ्यांचा व्हिसा झाला असं समजणारे लोक थेट मुंबई विमानतळावर अडकतात.

फोटोची साईज चार बाय सहा सेंटिमीटर, मागे पांढरं, चष्मा काढून. स्टुडिओत नुसतं ‘पासपोर्ट साईज’ म्हणालात तर साडेतीन बाय साडेचारचा फोटो हातात पडतो. म्हणून माप सांगा आणि सॉफ्ट कॉपी मागून घ्या, चेहरा उजळवू नका असंही बजावा. पासपोर्टच्या पानाचा फोटो मोबाईलवर काढताना फ्लॅश बंद ठेवा. प्लॅस्टिकवर चमक पडते आणि नेमक्या तळाच्या त्या दोन ओळी पुसट होतात. शक्यतो स्कॅनच करा.

तारखांचं गणित सोपं आहे, पण लोक ते उगाच अवघड करतात. व्हिसावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा येतात. ‘पासून’च्या आधी पाय ठेवता येत नाही, नंतर ‘पर्यंत’च्या आत कधीही गेलात तरी चालतं. म्हणून सात दिवसांची सहल असली तरी दिवस मोजून मागू नका, ९० दिवस मागा. फी तेवढीच लागते, आणि विमान एखाद्या दिवसाने इकडेतिकडे झालं तरी व्हिसा वाया जात नाही. पासपोर्टची मुदत मात्र प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने तरी शिल्लक हवी.

एकेरी की अनेक प्रवेश, हे सहलीचा कार्यक्रम बघून ठरवा. हनोई, हा लाँग, दा नांग, हो ची मिन्ह एवढंच असेल तर एकेरी पुरतो. मध्येच कंबोडियात अंकोरवाट बघून परत व्हिएतनामला येऊन मुंबईचं विमान पकडायचं असेल, तर एकेरी व्हिसा कंबोडियाकडे जाताना संपलेला असतो. तिथे २५ डॉलर वाचवण्यात अर्थ नाही. फॉर्मवर कुठून प्रवेश करणार ते ठिकाणही निवडावं लागतं, तेव्हा तिकीट हातात असेल तर बरं. हनोईच्या विमानतळाचं नाव नोई बाई, हो ची मिन्हच्या विमानतळाचं तान सोन न्हाट.

पैसे भरायला आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचं कार्ड लागतं. बँकेच्या ॲपमध्ये ही सोय बहुतेकदा बंद असते, ती आधी चालू करा. जिल्हा बँकेच्या रुपे कार्डावर भिस्त ठेवू नका. पैसे कापले गेले आणि स्क्रीन अडकली तर लगेच दुसरा अर्ज भरू नका. अर्ज पुरा होताना मिळालेला नोंदणी क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख टाकून आधी स्थिती तपासा.

आणि इथेच तो पाचवा गुण गेला. साईट कधीकधी मध्येच झोपते आणि व्हिसा झाल्याचा ईमेल येईलच याची खात्री नाही. अर्जात दुरुस्ती मागितली असेल तरी ती स्थिती तपासल्यावरच कळते. तेव्हा रोज एकदा स्वतः बघायचं. कागदावर मुदत तीन कामाच्या दिवसांची आहे. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत, व्हिएतनामच्या सुट्ट्याही धरत नाहीत. तासगावकडची मंडळी द्राक्षं उरकून एप्रिलअखेरीला निघतात, आणि ३० एप्रिल, १ मे या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी येणाऱ्या ‘तेत’ या नववर्षाला तर कचेऱ्या आठवडाभर बंद असतात. पंधरा दिवस हाताशी ठेवून अर्ज करा. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला त्यांचे पाच वाजलेले असतात.

ओघात आलं म्हणून: दिवाळीच्या सुट्टीत दा नांग, होई आन ठेवणाऱ्या सहलींपासून सावध. मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत जास्त पाऊस पडतो, होई आनच्या जुन्या पेठेत पाणी शिरतं. सांगलीकरांनी पूर बघायला एवढ्या लांब जायची गरज नाही.

व्हिसा आला की पीडीएफ उघडून नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, तारखा आणि प्रवेशाची संख्या पासपोर्ट समोर ठेवून तपासा. चूक सापडली तर बहुधा नवा अर्ज आणि नवी फी. माणशी दोन प्रिंट काढा: एक हँडबॅगेत, एक घरातल्या दुसऱ्या कुणाकडे. महालक्ष्मीने मुंबईला जाणार असाल तर प्रिंट आदल्या दिवशीच काढा, सकाळी दादरला उतरून झेरॉक्सचं दुकान शोधत बसू नका.

एजंटाकडे द्यावं का? वयस्कर जोडपं असेल किंवा दहा-बारा जणांचा ग्रुप असेल तर द्यावं. सरकारी फी किती आणि त्याची हमाली किती, हे वेगळं लिहून मागावं. पैसे भरण्याआधी भरलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉट आणि नंतर नोंदणी क्रमांक घ्यावा, म्हणजे ‘अजून आला नाही’ हे खरं की खोटं ते तुम्हालाच बघता येतं. आणि फॉर्मवर ईमेल त्याचा टाकू देऊ नका, तुमचाच टाकायला लावा.