सिंगापूरचं 'समर स्कूल': व्हिसा खरा, तिकीट खरं, शिक्षण तेवढं खोटं

ज्यांच्या कॉलेजमध्ये सध्या 'दोन आठवडे फॉरेनमध्ये शिका' वाले सेमिनार चालू आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, मी स्वतः अशाच कोर्ससाठी सिंगापूरला जाऊन फसून आलेय. लांब झालंय, पण पैसे भरायच्या आधी वाचा आणि आईबाबांनाही वाचायला द्या, कारण चेक तेच फाडतात.

आमच्या बडोद्यात अलकापुरी म्हणा, फतेहगंज म्हणा, पानाच्या टपऱ्यांपेक्षा फॉरेन स्टडीचे बोर्ड जास्त, त्यामुळे फसवणूक म्हणजे काय हे घरोघरी पाठ असतं. पैसे घेऊन ऑफिसला टाळं, नाहीतर नकली व्हिसा, नाहीतर एअरपोर्टवरूनच परत. आमच्या घरीही हेच सगळं तपासून झालं होतं, बाबा स्वतः ऑफिसात जाऊन बसून आले, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, ॲक्टिव्ह निघाला. आणि खरंच सांगते, व्हिसा खरा होता, विमान खरं, हॉटेल खरं, सकाळी नाश्त्याला पोहे पण मिळायचे. खोटं होतं ते फक्त शिक्षण, आणि तेवढंच कोणी तपासत नाही.

सेमिनार कॉलेजच्याच ऑडिटोरियममध्ये झाला. एजंट बोलायला एकदम तयार, सुरुवातच सयाजीरावांपासून. म्हणे ज्या गावाच्या महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना स्कॉलरशिप देऊन कोलंबियाला पाठवलं त्या गावची मुलं घरी का बसणार, आणि मग टाळ्या. (घरी हे सांगितल्यावर आजोबा म्हणाले, अगं त्या स्कॉलरशिपचा करार तरी कागदावर होता, शिकून आल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी, तुझ्या या माणसाने काय लिहून दिलंय?) त्याने दिलं होतं एक चकचकीत ब्रोशर. कव्हरवर सिंगापूरच्या मोठ्या सरकारी विद्यापीठाचा फोटो, आत 'ग्लोबल बिझनेस अँड सस्टेनेबिलिटी', दोन आठवडे, सर्टिफिकेट आणि वर '४ क्रेडिट ट्रान्सफरेबल', म्हणजे आपल्या इथल्या डिग्रीत धरले जाणारे. फी सगळं धरून १ लाख ८५ हजार, त्यासाठी बाबांनी एफडी मोडली.

सयाजीगंजच्या ऑफिसात भिंतीवर उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं, वर 'भारत सरकार' लिहिलेलं, ते दाखवून म्हणाला आम्ही गव्हर्नमेंट अप्रूव्ड. आता उद्यमची नोंदणी फुकट असते, आधार नंबर टाकून माहिती आपली आपणच भरायची, पिठाच्या गिरणीवाल्याकडेही ते सर्टिफिकेट असू शकतं. आणि परराष्ट्र मंत्रालयाचं जे लायसन्स असतं ते १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली, परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटांसाठी. विद्यार्थी पाठवणाऱ्याला ते लागतच नाही. तेव्हा कोणी 'अप्रूव्ड' म्हणालं की कोणी अप्रूव्ह केलंय आणि कशासाठी, हे दोन्ही विचारायचं.

मी विचारलं होतं की स्टुडंट पास नाही का लागत, तर म्हणाला शॉर्ट कोर्सला लागत नाही, बेन टेन्शन नहीं लेवानुं, बधुं थई जशे (टेन्शन घेऊ नका, सगळं होऊन जाईल). यातली गंमत म्हणजे हे खरं आहे. ३० दिवसांच्या आतला कोर्स व्हिझिट पासवर करता येतो, सिंगापूरचा नियमच तसा आहे. म्हणजे त्याने जिथे उत्तर दिलं तिथे खरंच दिलं, आणि त्याच नियमाच्या आडून व्हिसाच्या अर्जावर, फॉर्म १४ए वर, पर्पज ऑफ व्हिझिटसमोर 'सोशल' लिहिलं. फॉर्म त्याच्या ऑफिसने भरला, आमच्या हातात आला तो थेट मंजूर झालेला ई-व्हिसा.

आता तिथे काय शिकलो ते ऐका. लिटल इंडियाजवळच्या हॉटेलात पहिल्या मजल्यावर एक कॉन्फरन्स रूम, तिथे एक कॉर्पोरेट ट्रेनर आले, टीमवर्कवर बोलले, कागदी ग्लासांचा मनोरा करायला लावला. त्यांनीच आणखी एका सकाळी लीडरशिपवर तेच ग्लास वापरले. वर्ग म्हणून जे काही झालं ते एवढंच. 'अर्बन वॉटर मॅनेजमेंट फील्ड व्हिझिट' म्हणजे मरीना बराज, समुद्राच्या तोंडाशी बांधलेलं धरण, जागा सुंदर आहे, पण तिथली सस्टेनेबल सिंगापूर गॅलरी कोणालाही फुकट आहे आणि तीही आम्ही आपापली वाचत फिरलो, समजावून सांगायला माणूस नाही. छतावर हिरवळ, तिथे लोक पतंग उडवत होते, आम्ही बडोद्याची पोरं, आमचे हात शिवशिवायला लागले आणि मॉड्यूल तिथेच संपलं. 'रिटेल अँड आंत्रप्रेन्योरशिप' म्हणजे मुस्तफा सेंटर. मी उगाच मीठमसाला लावत नाहीये, छापील शेड्युलमध्ये तसंच लिहिलेलं होतं आणि बरोबर आलेल्या कॉलेजच्या सरांनी तिथून दोन बॅगा भरून चॉकलेटं आणि परफ्यूम घेतले.

आणि ते विद्यापीठ? केंट रिज एमआरटीला उतरवलं, कॅम्पसमध्ये फिरवलं (तिथे कोणीही फिरू शकतं), कॅन्टीनमध्ये जेवण, नावाच्या बोर्डासमोर बॅनर धरून ग्रुप फोटो, परत बस. एका मुलाने विचारलं की लेक्चर कुठल्या बिल्डिंगमध्ये आहे, तर को-ऑर्डिनेटर म्हणाला आज हॉल अव्हेलेबल नाही. तो हॉल शेवटपर्यंत अव्हेलेबल झाला नाही. शेवटच्या संध्याकाळी हॉटेलातच सर्टिफिकेटं वाटली, त्यावर विद्यापीठाचं नाव नाही, कुठल्याशा 'इन्स्टिट्यूट'चं, नाव असं की वाचणाऱ्याला सरकारी वाटावं.

परत आल्यावर क्रेडिटसाठी परीक्षा विभागात गेले. तिथल्या मॅडम भल्या होत्या, सरळ सांगितलं की तुमच्या एबीसी आयडीवर, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, क्रेडिट चढवते ती नोंदणी असलेली संस्था, एजंट नाही, आणि बाहेरचे क्रेडिट धरायचे तर आधी विद्यापीठांमध्ये आपसात करार लागतो, तसला करार आमच्याकडे आलेलाच नाही. मग मी त्या सिंगापूरच्या विद्यापीठाच्या समर प्रोग्रामवाल्यांना ब्रोशर जोडून मेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं, असा कोणताही प्रोग्राम आमचा नाही. हाच मेल जायच्या आधीही करता येतो, फुकट असतो. फक्त पत्ता ब्रोशरवरचा नको, विद्यापीठाच्या साइटवरचा घ्या, तिकडे पत्त्याच्या शेवटी डॉट ईडीयू डॉट एसजी असतं आणि ते शिक्षणसंस्थांनाच मिळतं. सर्टिफिकेटवरची ती 'इन्स्टिट्यूट' मी बिझफाइलवर, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणीच्या सरकारी साइटवर, शोधली, कंपन्यांची नावं तिथे फुकट शोधता येतात, सापडलीच नाही.

पण खरा घोटाळा पकडला आमच्या काकाने, तो दांडिया बाजारात सीएची प्रॅक्टिस करतो. बाबांचं रिटर्न भरताना २६एएस मध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचं स्टेटमेंट) टीसीएसची, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरलेल्या टॅक्सची, एक एंट्री दिसली, समोर नाव एका ट्रॅव्हल्सचं. काका म्हणाला हे काय, कुठे फिरायला गेला होतात? मग इन्व्हॉइस काढलं. त्यावर सर्व्हिस कोड ९९८५ ने सुरू होणारा, म्हणजे टूर ऑपरेटरचा, जीएसटी ५ टक्के, आणि 'ओव्हरसीज टूर पॅकेज' म्हणून ५ टक्के टीसीएस. काकाने समजावलं की शिक्षणासाठी बाहेर पैसे पाठवले असते तर १ एप्रिल २०२५ पासून १० लाखांपर्यंत टीसीएस लागतच नाही, आणि नुसती कन्सल्टन्सीची फी असती तर जीएसटी १८ टक्के लागला असता. थोडक्यात, आमच्यासमोर तो कॉलेज होता आणि सरकारसमोर टूरवाला. टॅक्सच्या कागदावर खोटं बोललं की नोटीस येते, ब्रोशरवर बोललं तर टाळ्या मिळतात. म्हणून टोकन द्यायच्या आधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (पैसे घ्यायच्या आधी देतात ते कच्चं बिल) मागा आणि त्यावर सर्व्हिस काय लिहिलीय ते बघा. देत नसेल तर उठून या. (तो टीसीएस रिटर्नमध्ये क्लेम होतो, ज्यांनी केला नसेल त्यांनी करा, तेवढे तरी परत मिळतील.)

कॉलेजने हे का होऊ दिलं, तर टूरच्या धंद्यात एफओसी म्हणून प्रकार असतो, फ्री ऑफ कॉस्ट. इतकी मुलं आणा, एक सीट फुकट. ज्या सरांनी वर्गात येऊन 'सीव्हीला वजन येईल' सांगितलं त्यांची सीट कुठून आली हे मी सांगायला नको. यापुढे कोणते सर बरोबर येणार म्हणाले की त्यांचं तिकीट कोण काढतंय हे मुलांनी मोठ्याने, सगळ्यांसमोर विचारायला हवं.

पोलीस चौकीत पण जाऊन आलो. तिथले साहेब हसून म्हणाले, फरीने तो आव्या ने, बेन? म्हणजे फिरून तर आलात ना. त्यांचंही बरोबरच, पैसे घेऊन पळाला असता तर कलम लगेच सापडलं असतं. (ऑनलाइन पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर मात्र वेळ न घालवता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.) आमची केस ग्राहक आयोगाची. ५ लाखांपर्यंत भरलेले असतील तर जिल्हा आयोगात तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, मुदत २ वर्षं. आधी काही विचारायचं असेल तर ग्राहकांसाठी १९१५ हेल्पलाइन आहे.

एजंटने आमचा व्हॉट्सॲप ग्रुप डिलीट केलाय आणि ब्रोशरमधून क्रेडिटची ओळ काढलीय. नवीन बॅचच्या ब्रोशरवर आता बोर्डासमोरचा तो ग्रुप फोटो आहे, 'अवर स्टुडंट्स ॲट कॅम्पस' असं लिहून, डावीकडून दुसरी मी. जुन्या ब्रोशरची पीडीएफ, शेड्युल आणि सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, काका कागद तयार करतोय. आमच्या बॅचमधले जे कोणी हे वाचतायत त्यांनी आपापलं इन्व्हॉइस आणि पैसे भरल्याचं बँक स्टेटमेंट काढून ठेवा आणि मला मेसेज करा.