अ‍ॅस्टरिस्कवरील कोडेक-भाराची देखरेख: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पतसंस्थेची फोनव्यवस्था पंखा नसलेल्या एका छोट्या संगणकावर अ‍ॅस्टरिस्क हे फोन एक्स्चेंजचे काम करणारे सॉफ्टवेअर बसवून चालते. दुपारच्या गर्दीत शाखांचा आवाज तुटू लागला, तेव्हा देखभालीचा करार असलेल्या पुरवठादाराने यंत्राची ताकद अपुरी ठरवून थेट नव्या सर्व्हरचे कोटेशन पाठवले. सोबत जोडलेल्या प्रोसेसरच्या आलेखात, दर पाच मिनिटांच्या सरासरीने, वापर निम्म्यावरही गेलेला दिसत नव्हता. सभासदांच्या पैशातला खर्च अशा अंदाजावर मंजूर करणे मला मान्य नव्हते.

मुळात तो आलेखच या कामाचा नाही. साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना आवाजाचे एक पॅकेट निघते, म्हणजे कॉलच्या प्रत्येक बाजूने सेकंदाला ५०; कोडेक म्हणजे आवाज डिजिटल स्वरूपात बांधण्याची पद्धत, आणि दोन बाजूंचे कोडेक वेगळे असतील तर तेवढ्या अवधीत ते पॅकेट उलगडून दुसऱ्या कोडेकमध्ये बसवावे लागते. क्षणभराची कोंडी कानाला लगेच कळते, पाच मिनिटांच्या सरासरीत मात्र ती विरून जाते.

खरी माहिती ‘कोअर शो चॅनेल’ या कमांडच्या उत्तरातील ‘रीडट्रान्सकोड’ आणि ‘राइटट्रान्सकोड’ या दोन ओळींत आहे. तेथे ‘येस’ असेल तर त्या चॅनेलवर, म्हणजे कॉलच्या त्या बाजूला, कोडेकचे रूपांतर चालू आहे, आणि कशातून कशात, तेही समोर दिसते. आमची ट्रंक (बाहेरच्या टेलिफोन जाळ्याला जोडणारी लाइन) जी.७११ ए-लॉ या कोडेकची आणि शाखांचे फोन जी.७२९ या कोडेकचे असल्याने बाहेरचा प्रत्येक कॉल रूपांतराच्या वाटेने जात होता. कोणते रूपांतर किती महाग पडते, हे ‘कोअर शो ट्रान्सलेशन’चा तक्ता सांगतो, त्याला ‘रिकॅल्क’ जोडले की त्याच यंत्रावर नव्याने मोजणी होते.

जी.७२९बद्दलचे माझे मत या काळात बदलले. हेडर (प्रत्येक पॅकेटवरची पत्त्याची माहिती) धरून जी.७११च्या कॉलला एका दिशेने सेकंदाला ८० किलोबिट लागतात, जी.७२९ला २४, शाखा वायरलेस लिंकवर होत्या तोवर ही काटकसर योग्यच होती. ज्या शाखांना फायबर आले, तेथे मात्र वाचलेल्या बँडविड्थचा आम्हाला काहीच उपयोग उरला नव्हता आणि प्रोसेसर विनाकारण खर्ची पडत होता. फायबरवरील फोन ए-लॉवर आणताच आवाज तुटणे थांबले. रेकॉर्डिंगही सरसकट न ठेवता वसुली विभागापुरते ठेवले, कारण दोन्ही बाजूंना एकच कोडेक असला तरी ध्वनी मिसळून नोंदवण्यासाठी तो उलगडावाच लागतो.

माझी एकच तक्रार आहे, आणि ती मला फार मोठी वाटते: या क्षणी एकूण किती रूपांतरे चालू आहेत, हा आकडा एका ओळीत मिळत नाही. डिजियम या कंपनीच्या परवाना असलेल्या जी.७२९ मॉड्यूलमध्ये ‘जी७२९ शो लायसन्सेस’ म्हटले की किती एन्कोडर आणि डिकोडर वापरात आहेत, ते लगेच कळते. परवान्यासाठी जी मोजदाद करता येते, ती क्षमतेसाठी सर्व कोडेकांची का केली जाऊ नये? अखेर प्रत्येक चॅनेलचे उत्तर वाचून दर मिनिटाला ‘येस’ मोजणारी आणि वेळेसह नोंदवणारी छोटी स्क्रिप्ट मी लिहिली. वायरलेसवर राहिलेल्या शाखा बोलत असतील तेवढाच तो आकडा चढतो, आणि यंत्राला तो सहज पेलतो.

नव्या सर्व्हरचे कोटेशन संचालक मंडळाने फेटाळले. कराराच्या नूतनीकरणात मी एक अट घालून घेतली आहे: आवाजाच्या तक्रारीवर यंत्र बदलण्याची शिफारस करायची असेल, तर तक्रारीच्या वेळचा चॅनेलनिहाय उतारा पुरवठादाराने सोबत जोडलाच पाहिजे.