घाटापासून अथणीपर्यंत फिरलेली हातोडी आणि बाभळीची मोगरी

पाडव्याच्या सुमारास तीन हत्यारं विकत घेतली: लाकडी दांड्याची 500 ग्रॅमची बॉल पीन हातोडी (एका बाजूला गोल डोकं असलेली), फायबरच्या दांड्याची क्लॉ हातोडी (मागे खिळे उपटायचा फाटा असलेली) आणि रबरी मॅलेट, म्हणजे रबरी डोक्याचा हातोडा. बाभळीची मोगरी, म्हणजे पटाशीवर (लाकूड कोरायच्या हत्यारावर) मारायचा लाकडी हातोडा, ओळखीच्या एका सुतारमामांकडून करून घेतली. दिवाळी होऊन गेली, आता अनुभव लिहितो.

आमची शेड अनगोळात. काम दारं-खिडक्या आणि कपाटांचं, त्यामुळे हत्यारांची पिशवी बेळगाव जिल्हाभर फिरते. भर पावसात कणकुंबी-जांबोटीकडे, दसरा झाला की अथणीकडे. एकीकडे भिंतीसुद्धा ओल धरतात, दुसरीकडे ओठ फुटतील इतकी कोरडी हवा. लाकडी दांड्याची याहून कडक परीक्षा होणार नाही.

बॉल पीन हातोडी जांबोटीकडे अगदी घट्ट होती. अथणीला गेल्यावर डोकं हलायला लागलं. याचं कारण दुकानात कुणी सांगत नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, पण भोवतीचं लोखंड जागा देत नाही, मग भोकातले तंतू चेपले जातात. हवा कोरडी झाली की तेच लाकूड आधीपेक्षाही बारीक होतं. ढिली हातोडी रात्रभर पाण्यात घालून ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, तिच्यातही नेमकं हेच होतं. मामा म्हणाले, "पाण्यात घालू नको गा, चार दिस बरं वाटतंय, मग आणि ढिला हुतोय." त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. सुटलेलं डोकं उडून समोरच्याच्या कपाळावर बसू शकतं, त्यामुळे हा धोका तात्पुरता झाकून चालत नाही.

मग दांडाच नवा घातला. तो निवडताना रेषा बघायच्या: त्या दांड्याच्या लांबीत सरळ धावल्या पाहिजेत, मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडणार. गाठ तर अजिबात नको. लाकूड पूर्ण सुकलेलं हवं, म्हणून हे काम उन्हाळ्यात करणं सगळ्यात चांगलं. भोक मधे अरुंद आणि दोन्ही तोंडांना थोडं रुंद असतं. दांडा खालून घालायचा, मग हातोडी डोकं खाली करून हातात धरायची आणि दांड्याच्या बुडावर ठोकायचं. डोकं स्वतःच्या वजनाने जागेवर राहतं आणि दांडा त्यात घुसत जातो. त्यानंतर वरून लाकडी पाचर आणि तिला आडवी लोखंडी पाचर. पाचरीच्या जागी खिळा ठोकलेला मी पुष्कळ ठिकाणी बघतो. त्याने दांडा चिरतो, तसं कुणी करू नये.

वरचं उघडं टोक जवसाच्या तेलाने भरपूर भिजवलं, कारण ओल तिथूनच जास्त शिरते. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका. सुकताना हे तेल तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. भुशाने भरलेल्या शेडमध्ये काय होईल ते सांगायला नको. चिंधी पसरून, बाहेर मोकळ्यावर वाळवायची.

फायबरच्या दांड्याला हवेचा काहीच त्रास झाला नाही, ती हातोडी पहिल्या दिवशी होती तशीच आहे. पण तो दांडा तडकला तर मला शेडमध्ये दुरुस्त करता येणार नाही, म्हणून मुख्य हत्यार म्हणून मी लाकडीच ठेवीन. क्लॉ हातोडी साध्या खिळ्यांसाठी असते. काँक्रीटमध्ये जाणारे कडक पोलादी खिळे आणि लोखंडी छिन्नी तिने ठोकू नयेत. छिन्नीला बॉल पीन, तीही छिन्नीच्या डोक्यापेक्षा साधारण 10 मिलिमीटर रुंद तोंडाची. छिन्नीचं डोकं मार खाऊन छत्रीसारखं पसरलं असेल तर ते ग्राइंडरवर घासून घ्या, त्या कडा तुटून गोळीसारख्या उडतात. आणि एका हातोडीवर दुसरी हातोडी कधीच मारायची नाही: दोन्ही तोंडं कडक केलेली असतात, कपचा उडाला तर सरळ डोळ्यात. आमच्या शेडमध्ये चष्मा घातल्याशिवाय पोरांना ठोकायला देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

रबरी मॅलेटबद्दल थोडक्यात. फरशी आणि लॅमिनेटच्या जोडांना ठीक आहे, पांढऱ्या लॅमिनेटवर काळे डाग पडतात, मधे फडकं धरावं लागतं. उन्हात आणि तेलात ठेवू नये.

सगळ्यात जास्त जीव जडलाय तो मोगरीवर. तिला पाचरच नाही. दांडा वर जाड, खाली बारीक. भोकही तसंच उतरतं कोरलेलं. दांडा वरून ओवायचा, मग प्रत्येक फटक्याला डोकं बाहेरच्या बाजूला सरकू बघतं आणि आणखी घट्ट बसतं. अथणीच्या कोरड्या हवेतही ते उडायची भीती नाही. पटाशीच्या लाकडी मुठीला लोखंडी हातोडीने फोडण्यापेक्षा ही कितीतरी बरी, मूठ शाबूत राहते आणि मनगटालाही हिसका कमी. तोंडावर बारीक चिरा दिसतात, त्या वाढल्या की रंध्याने तोंड साफ करून घेणार. खिळ्यावर मात्र ती एकदाही मारू देत नाही. रुतलेला लोखंडाचा कण पुढे पटाशीच्या मुठीला ओरखडतो.

नवीन घेणाऱ्याने दुकानातच हातोडी उलटी करून पाचर तपासावी, रेषा बघाव्यात. दांड्यावर जाड रंग किंवा चकचकीत वॉर्निश असेल तर ती बाजूला ठेवून दुसरी मागावी. खालचं लाकूड दिसत नाही, आणि घामेजल्या हातातून तो सटकतोही.