इनस्क्रिप्ट की फोनेटिक? मराठी टंकनाची पद्धत निवडताना

संगणकावर मराठी लिहायचं ठरवलं की दोन वाटा समोर येतात. एक इनस्क्रिप्ट. तिच्यात प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला स्वतःची ठरलेली कळ असते. दुसरी फोनेटिक. तिच्यात रोमन लिपीत उच्चार लिहायचा आणि देवनागरी शब्द यंत्रानं सुचवायचा. (रेमिंग्टन ही तिसरी वाट आहे, पण ती मुख्यतः टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्यांची. तुम्ही भरतीसाठी शिकत असाल तर खालचं सगळं बाजूला ठेवा आणि त्या जाहिरातीत कोणता आराखडा चालेल म्हटलंय तेवढं पाहा.) युनिकोड म्हणजे काय, फॉन्ट कुठून आणायचा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

फोनेटिकची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. शिकायला वेळ लागत नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक विंडोजमध्येच मिळतो. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा, तिथे मराठी, मग भाषेचे पर्याय, मग कीबोर्ड जोडा. विंडोजची कळ दाबून स्पेस दाबली की भाषा बदलते. पाच मिनिटांत पहिलं वाक्य लिहून होतं. इंग्रजी शब्दांची सरमिसळ असलेलं लेखन, दिवसाला चार-सहा ओळींची उत्तरं, फोनवरचे संदेश, एवढंच काम असेल तर इनस्क्रिप्ट शिका असा आग्रह मी कुणाला करणार नाही. फोनवर तर इनस्क्रिप्ट खरंच अडचणीची आहे. छोट्या पडद्यावर तेवढ्या कळा मावत नाहीत आणि ख, थ, फ अशा प्रत्येक महाप्राणासाठी शिफ्टचं पान उलटावं लागतं.

वेगाचा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात, म्हणून तो उरकून टाकू. ‘शिक्षण’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये चार वेळा कळ दाबून होतो: श, ऱ्हस्व वेलांटी, क्ष, ण. ‘क्ष’ला शिफ्टसह ७ अशी थेट कळ आहे. रोमन लिपीत त्याच शब्दाला आठ अक्षरं लागतात, शिवाय यादीतून निवड. ‘महाराष्ट्र’ नऊ विरुद्ध अकरा. हात बसल्यावर इनस्क्रिप्ट पुढे जाते, पण फरक इतका मोठा नाही की केवळ वेगासाठी कुणी सवय बदलावी. माझ्या अनुभवात वेळ कळा दाबण्यात जात नाही, दुरुस्त करण्यात जातो.

आणि पारडं फिरवणारी गोष्ट तिथेच आहे. फोनेटिक पद्धत लिहीत नाही, ओळखते. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, श आणि ष यांत पुरेसा भेद नाही. म्हणून तुम्ही जे लिहिलं त्यातून यंत्र सगळ्यांत संभाव्य शब्द निवडतं. ‘पाणी’ आणि ‘माणूस’ बिनचूक येतात, कारण ते नेहमीचे आहेत. अडतं ते विशेषनामांशी. काळे आणि काले, पोळ आणि पोल, माने आणि मने ही सगळी माणसं रोमन लिपीत एकसारखीच दिसतात. ललित लेखनात अशी चूक वाचक सांभाळून घेतो. वारस नोंदीच्या अर्जात किंवा शाळेच्या दाखल्यात ‘काळे’चं ‘काले’ झालं की पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

त्याहून चिवट गोष्ट म्हणजे ‘ऱ्य’. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या. मराठीत हे वेगवेगळे शब्द आहेत आणि दोन्ही शुद्ध आहेत. रोमन लिपीत ते अक्षरशः सारखे. फोनेटिक पद्धत त्यातला एक वर ठेवते आणि दुसरा यादीत खाली सापडला तर सापडतो. शुद्धलेखन तपासणारं साधनही काही बोलत नाही, कारण चुकून आलेला शब्दही शब्दकोशात आहेच. म्हणजे चूक फक्त डोळ्यानं पकडायची, तीही आपणच नुकत्याच लिहिलेल्या मजकुरात, जिथे डोळा सर्वांत कमी पाहतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘र्य’ म्हणजे इंग्रजी जे, डी आणि स्लॅश या तीन कळा. ‘ऱ्य’ म्हणजे त्याच तीन कळा, फक्त जे दाबताना शिफ्ट धरायचं. बोटानं जे दाबलं तेच पडद्यावर येतं, मध्ये कुणी अंदाज करत नाही. माझा कल इनस्क्रिप्टकडे झुकला तो मुख्यतः या एका जोडाक्षरामुळे. ज्यांच्या लिखाणात शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना, नोकऱ्या, पायऱ्या सतत येतात, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल.

इथे आत दडलेली आणखी एक गोष्ट आहे. ‘ऱ्य’ पडद्यावर सारखाच दिसला तरी आत दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. सरळ मार्ग म्हणजे नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. जुना मार्ग म्हणजे साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि य. काही जुनी साधनं दुसऱ्या मार्गानं लिहीत, आणि तसा मजकूर आजही भरपूर फिरतोय. दोन्ही दिसतात एकच, पण डेटाबेस किंवा एक्सेल काटेकोर तुलना करतात तेव्हा ते दोन वेगळे शब्द ठरतात. यादीतलं नाव शोधून सापडत नाही, आणि का सापडत नाही ते बघून कळत नाही. तपासायची सोपी युक्ती: एक्सेलमध्ये त्या शब्दावर अक्षरं मोजणारं लेन (LEN) हे सूत्र लावा. ‘दऱ्या’ला ५ आलं तर सरळ मार्गानं लिहिलेला, ६ आलं तर जोडचिन्ह घातलेला. ‘ॲप’चंही तसंच. स्वतंत्र ॲ वापरला असेल तर २, ‘अ’वर चंद्र ठेवून बनवला असेल तर ३. हा स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला, म्हणून त्याआधीच्या मजकुरात तो नाहीच.

या ॲच्या बाबतीत इनस्क्रिप्टलाही मी पूर्ण गुण देणार नाही. त्याची कळ सगळीकडे एकाच जागी नाही. कुठल्या आराखड्यात शिफ्टसह १ दाबल्यावर ‘ॲ’ मिळतो, कुठल्यात हिंदीतला ‘ऍ’. वर्डमध्ये असाल तर ०९७२ हा आकडा इंग्रजी अंकांत लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा, ॲ येतो. रोज लागणाऱ्या शब्दांसाठी ऑटोकरेक्टमध्ये एकेक नियम घालून ठेवा: ‘अ’वर चंद्र ठेवलेलं ‘अॅप’ दिसलं की ‘ॲप’ कर.

आता गोपनीयता. निवड करताना हा मुद्दा लोक वगळतात, पण कीबोर्ड हा संगणकातला सर्वांत जास्त ऐकणारा भाग आहे. अँड्रॉइडवर कोणताही नवा कीबोर्ड सुरू करताना येणारी सूचना आपण न वाचता पुढे जातो. त्या सूचनेत स्पष्ट म्हटलेलं असतं की तुम्ही लिहाल ते सगळं, पासवर्ड आणि कार्डाचे क्रमांकसुद्धा, हे ॲप गोळा करू शकेल. आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डाला ‘पूर्ण प्रवेश’ दिल्याशिवाय इंटरनेट मिळत नाही, हा बरा अडसर आहे. तो विनाकारण काढू नका.

विंडोजची इनस्क्रिप्ट म्हणजे एक तक्ता आहे: ही कळ, हे अक्षर. त्यात शब्दकोश नाही, शिकणं नाही, सर्व्हर नाही. फोनेटिक पद्धतीला शब्दकोश लागतो, आणि तो कुठे आहे यावर सगळं अवलंबून. विंडोजचा स्वतःचा फोनेटिक किंवा भाषेची फाइल उतरवून घेतलेला गूगलचा जीबोर्ड अंदाज यंत्रावरच बांधतो. ब्राउझरमध्ये चालणारी लिप्यंतराची पानं आणि एक्स्टेंशन मात्र बऱ्याचदा शब्द सर्व्हरकडे पाठवून पर्याय मागवतात. तुमचं साधन कुठल्या गटातलं, हे ओळखायला नेट बंद करून टंकून पाहा. सुचवणं थांबलं तर उत्तर मिळालं.

शब्द बाहेर जाण्यात धोका काय, याचं सर्वांत मोठं उदाहरण चीनमधलं आहे. तिथेही रोमन लिपीत उच्चार लिहून चिनी अक्षरं निवडतात, म्हणजे तत्त्वतः आपल्या फोनेटिकसारखीच पद्धत. टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबनं एप्रिल २०२४ मध्ये नऊ कंपन्यांचे असे कीबोर्ड तपासून अहवाल दिला. नऊपैकी आठांमध्ये सर्व्हरकडे जाणाऱ्या मजकुराचं कूटबंधन (एन्क्रिप्शन) इतकं कच्चं होतं की वाटेत नेटवर्क ऐकणाऱ्याला लोक काय टंकताहेत ते वाचता आलं असतं. फक्त हुवावेच्या कीबोर्डात तसा दोष आढळला नाही. कंपन्यांचा हेतू वाईट होता असं म्हणायची गरजच नाही. शब्द यंत्राबाहेर पाठवायचा, ही रचनाच धोक्याची आहे. एआय डॉट टाइप या कीबोर्डाचं तर २०१७ मध्ये कोट्यवधी वापरकर्त्यांच्या माहितीचं भांडारच इंटरनेटवर पासवर्डाविना उघडं सापडलं होतं.

घरातल्या घरात होणारी गळतीही लक्षात घ्या. शिकणारा कीबोर्ड तुमचे शब्द लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सुचवतो. फोन दुसऱ्याच्या हातात गेला आणि त्यानं दोन अक्षरं लिहिली, की डॉक्टरचं नाव, औषधाचं नाव, भांडणातला शब्द वर उमटू शकतो. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये शिकलेले शब्द पुसायची सोय आहे. ती अधूनमधून वापरा, आणि त्याच ठिकाणी गोपनीयतेच्या विभागातली, वापराची आकडेवारी पाठवायची परवानगी बंद करा. अँड्रॉइडवर इंटरनेटची परवानगीच न मागणारा कीबोर्ड हवा असेल तर हेलीबोर्ड बघा. तो मुक्त स्रोत आहे, त्यात मराठीचा आराखडा आहे, पण रोमनवरून लिप्यंतर नाही.

एक सावधगिरी. गूगल इनपुट टूल्सची विंडोजवर बसवायची आवृत्ती गूगलनं केव्हाच काढून घेतली आहे. ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ या नावानं ती अजून भलत्या ठिकाणी मिळते. बाकी कुठलंही सॉफ्टवेअर अनोळखी ठिकाणाहून घेणं एक वेळ चालेल, कीबोर्ड नाही.

इनस्क्रिप्ट घ्यायची ठरवलीत तर तिची रचना समजून घ्या, पाठांतर निम्मं होईल. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये ती प्रमाण केली आणि पुढे १९९१ च्या भारतीय मानकातही ती आली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. साध्या कळेवर मात्रा, शिफ्टसह तोच स्वर: इंग्रजी ई (E) या कळेवर काना, शिफ्टसह आ. साध्या कळेवर क, शिफ्टसह ख. त, थ. प, फ. मधल्या ओळीत डाव्या बाजूला ओ, ए, हलन्त, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार. उजव्या बाजूला प, र, क, त, च, ट. हे भारतीय लिपींना समान आहे, म्हणून बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्याला ‘क’ दोन्हीकडे त्याच कळेवर मिळतो. फोनेटिकच्या सवयीला हा फायदा इतका सरळ मिळत नाही.

सुरुवातीला चुका ठरलेल्या होतात. ‘कि’ दिसताना वेलांटी आधी दिसते म्हणून लोक ती आधी दाबतात, आणि मग ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. क्रम उच्चाराचा आहे: आधी क, मग वेलांटी. रफारासाठीही तसंच, ‘पर्व’ म्हणजे प, र, हलन्त, व. दुसरी चूक मराठीऐवजी हिंदीचा कीबोर्ड जोडण्याची. अक्षरं बहुतेक तीच येतात, पण वर्ड त्या मजकुराला हिंदी समजतो आणि पानभर लाल रेघा ओढतो. तिसरी सर्वांत त्रासाची: पासवर्डाच्या चौकटीत मराठी कीबोर्ड सुरूच राहतो, ठिपक्यांमुळे काय लिहिलं ते दिसत नाही, आणि तीन प्रयत्नांत खातं अडकतं. विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवायचा पर्याय आहे. तो चालू करा, म्हणजे वर्डमधलं मराठी ब्राउझरमध्ये शिरणार नाही.

रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तर दोन-तीन आठवड्यांत कळांकडे न बघता लिहिता येऊ लागतं, असा माझा अंदाज आहे. वय आणि सवय यांनुसार तो मागेपुढे होईल. त्या काळात कामाचं तातडीचं लिखाण फोनेटिकवरच करा, नाहीतर वैतागून सोडून द्याल. कळांवर चिकटपट्ट्या लावू नका. त्यामुळे नजर खाली राहते. आराखड्याचा कागद पडद्याशेजारी टांगा. पहिल्या आठवड्यात फक्त मधली ओळ घ्या, कारण र, क, त, प, च, हलन्त आणि ए-ओच्या मात्रा एवढ्यातच बरेच शब्द होतात. वरच्या ओळीतला काना आणि खालच्या ओळीतला अनुस्वार लगेच त्यात मिळवा.

फोनवर फोनेटिक, संगणकावर इनस्क्रिप्ट, अशी विभागणी मला सध्या पटते. ज्यांचं बहुतेक लिखाण फोनवरच होतं त्यांनी फोनेटिकवर राहावं, मात्र नाव, पत्ता आणि ‘ऱ्य’ असलेला शब्द पाठवण्याआधी एकदा थांबून वाचावा, आणि यादीत हवा तो शब्द नसेल तर कीबोर्ड बदलून तेवढंच अक्षर देवनागरी आराखड्यावरून घालावं. जीबोर्डमध्ये मराठीचे हे दोन्ही आराखडे एकाच वेळी जोडता येतात, आणि स्पेसच्या शेजारची पृथ्वीगोलाची कळ दाबली की एकावरून दुसऱ्यावर जाता येतं.