कायदा सल्ला केंद्र नोंदवताय? ट्रस्ट, सोसायटी की कलम ८ कंपनी

रविवारी समाजमंदिरात दोन वकील आणि चार कार्यकर्ते सतरंजी टाकून बसतात. पोटगी, घरमालकाचा त्रास, ठेकेदाराने बुडवलेला पगार, जे येईल त्याचा अर्ज लिहून देतात. तीन-चार वर्षं हे बिनबोभाट चालतं. मग कुणी मोठी देणगी देऊ करतं, पावती मागतं आणि नोंदणीचा विषय निघतो. अशा वेळी सीएला पहिला प्रश्न जातो तो ‘स्वस्तात काय होईल?’ हा. एका केंद्राच्या कार्यकारिणीत सचिव म्हणून बरीच वर्षं काढल्यावर मी तरी आधी दुसरं विचारीन: वर बसलेला माणूस बिघडला, तर त्याला खाली कोण उतरवणार?

ट्रस्टमध्ये हे सगळ्यात अवघड. दोन-तीन जण मिळून न्यासपत्र, म्हणजे ट्रस्टचा मूळ दस्त, करतात आणि पुढचे विश्वस्त बहुधा उरलेले विश्वस्तच नेमतात. वस्तीतल्या माणसाला मत नाही, काम करणाऱ्या वकिलालाही नाही. बाहेरून कुणाला काढायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ड खाली धर्मादाय आयुक्तांपुढे जायचं. त्याला कारणं लागतात, पुरावे लागतात आणि तारखांवर तारखा पडतात. ‘साहेब मनमानी करतात’ एवढ्यावर तिथे काही हलत नाही. एक ध्यानात ठेवा: आजन्म विश्वस्तांच्या संख्येला लगाम घालणारी दुरुस्ती २०२५ मध्ये झाली आहे. त्यामुळे ओळखीच्या ट्रस्टचा जुना मसुदा नाव बदलून वापरू नका.

ट्रस्ट वाईट असतो असं नाही. कुणी केंद्रासाठी घर किंवा गाळा देत असेल आणि तो पुढच्या पिढीत कुणी विकू नये अशी इच्छा असेल, तर ट्रस्टच बरा. स्थावर विकायला कलम ३६ ची परवानगी लागते. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी लागते. अर्थात सोसायटी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदली गेली की हे कुंपण तिलाही पडतं.

सोसायटीला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था धर्मादाय कार्यालयातच हा आणि वरचा १९५० चा, अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदवतात, म्हणून प्रमाणपत्रंही दोन हातात पडतात. इथे मालक सर्वसाधारण सभा. ती कार्यकारिणी निवडते आणि संस्थेच्या घटनेत तशी सोय असेल तर बदलते. उद्देश बदलायचे तर तीन पंचमांश मतं हवीत, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच मतांनी पुन्हा मंजुरी. एका रात्रीत कायदा केंद्राचं क्रीडा मंडळ करता येत नाही.

पण हीच सभा उलटतेसुद्धा. आमच्याकडे एका वर्षी निवडणुकीच्या दोन आठवडे आधी एका सदस्याने अडतीस अर्ज आणून टेबलावर ठेवले. सगळे एकाच गल्लीतले, वर्गणी एकाच पाकिटात आणि अर्जांवरचं अक्षरही एकच. आमच्या नियमावलीत ‘सदस्य होऊन सहा महिने झाल्याशिवाय मतदान नाही’ ही ओळ नव्हती. आम्ही वाचलो ते केवळ त्या दिवशी अर्ज मंजूर करणाऱ्या बैठकीची गणपूर्ती झाली नाही म्हणून. नंतर पहिलं काम केलं ते ती ओळ घालण्याचं. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर मत नाही, हे मूळ कायद्यातच आहे. तरी वर्गणीचं रजिस्टर कोरं ठेवलं तर तेही सिद्ध करता येत नाही.

कलम ८ ची कंपनी, म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याखालची, नफा न वाटणारी, कागदावर सगळ्यात नीटनेटकी. खासगी असेल तर दोन संचालक पुरतात. संचालकाला काढणं सभासदांच्या हातात असतं, आणि मंडळावर कोण आहे हे कुणालाही ऑनलाइन पाहता येतं. मोठ्या देणगीदारांना ती आवडते. पण ती घड्याळावर चालते. सर्वसाधारण सभेनंतर ताळेबंद तीस दिवसांत आणि वार्षिक विवरण साठ दिवसांत गेलं पाहिजे. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. तीन वर्षं सलग काहीच भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. वस्तीतल्या ज्या ताईंना तुम्ही कौतुकाने संचालक केलंत, त्यांच्या माथी हे येतं. कार्यालयात पगारी हिशेबनीस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता कायदा केंद्राचीच खास अडचण. प्रॅक्टिस करणारा वकील कंपनीचा संचालक किंवा अध्यक्ष होऊ शकतो, पण कार्यकारी स्वरूपाचं काम त्याच्याकडे नको. मॅनेजिंग डायरेक्टर किंवा कंपनी सेक्रेटरी तर होताच येत नाही, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. म्हणजे ज्या वकीलबाई केंद्र प्रत्यक्ष चालवतात, त्यांना कंपनीची सूत्रं देऊन कोर्टातही उभं करायचं, हे जमणार नाही. शिवाय सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी हा अडसर तिन्ही प्रकारांत आहे. बरीच केंद्रं वकिलांना प्रकरणामागे मानधन देतात ते यासाठी.

कागदोपत्री कटकट ट्रस्ट आणि सोसायटीत जवळपास सारखी. मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. तो मंजूर होऊन शेड्यूल एकला, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीला, नाव लागेपर्यंत बँक सहीसाठी जुन्याच माणसाकडे बोट दाखवते. अध्यक्ष वारले आणि पुढे वर्षभर त्यांचंच नाव उताऱ्यावर राहिलं, अशा संस्था शोधायला लांब जावं लागत नाही.

नोंदणी न करता, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून जोडून घेणं, ही चौथी वाट. कारभार न्यायाधीशांच्या हातात, त्यामुळे तुम्हाला मंडळाची डोकेदुखी नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नुसतं प्रकरणं पोचवायचं काम असेल तर हे पुरे आहे. स्वतःची भूमिका घेऊन नगरपालिकेशी भांडायचं असेल तर नाही.

माझा कौल सोसायटीला, पण पंधरा-वीस खरे सदस्य असतील तरच. सात नावं पुरी करायला मेहुणे-साडू आणावे लागत असतील तर सरळ ट्रस्ट करा, आणि न्यासपत्रात पाच वर्षांची मुदत व सलग दोनदाच संधी एवढं लिहा. कार्यकारिणीत वकील निम्म्याहून कमी ठेवा. वकील जास्त झाले की बैठकीत युक्तिवाद रंगतात आणि छपराची गळती पुढच्या महिन्यावर जाते. हिशेब कळणारा एक हवाच. आणि केंद्रात एके काळी अशील म्हणून आलेल्या निदान दोघी तरी हव्यात.

नोंदणी कोणतीही असो, नियमावलीत एक कलम पहिल्याच दिवशी घाला. एका बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी सहज विचारलं, ‘ती मारहाणीची केस कोणाची हो? मुलगा आमच्या ओळखीतला दिसतोय.’ वकीलबाईंनी फाइल मिटली आणि पाण्याचा ग्लास उचलला. कोणी काही बोललं नाही. तेव्हापासून विषयपत्रिकेत आणि इतिवृत्तात फक्त प्रकरणाचा नंबर येतो, आणि नावांची वही वकिलांच्या कपाटात असते. अध्यक्षांकडेही तिची किल्ली नाही.