फिटर अप्रेंटिसशिप: ट्रेनिंग झकास, पण तळोज्याला पोचायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा

आयटीआय फिटर करून एका इंजिनीअरिंग कंपनीत अप्रेंटिस लागलो, नाव घेत नाही कारण अजून चार महिने काढायचेत तिथे. पाचपैकी तीन स्टार देतोय, त्यातले अडीच ट्रेनिंगचे.

इंटरव्ह्यूला लोकेशन विचारलं तर एचआर मॅडम म्हणाल्या, "मुंबईच." काँट्रॅक्टवर पण मरोळचा पत्ता. मी कांजूरचा, म्हटलं जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून बेस्टची बस पकडायची, विषय संपला (मिनिमम तिकीट मे २०२५ ला पाचाचं दहा झालं ते सोडा). पहिले तीन महिने खरंच मरोळला होतो आणि तिथलं ट्रेनिंग एक नंबर. सुरुवातीचे आठ दिवस नुसतं फायलिंग, म्हणजे कानशीने लोखंड घासणं. जॉब, म्हणजे तो लोखंडाचा तुकडा, घासून नेला की सर ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायचं माप) लावून ट्यूबलाइटसमोर धरायचे, फटीतून जरा जरी उजेड दिसला की काही न बोलता जॉब परत आपल्या हातात. एकदाचा उजेड दिसायचा बंद झाला तेव्हा फक्त "हं" म्हणाले, त्या "हं"वर मी दोन दिवस खूष होतो.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी नोटीस लागली, सोमवारपासून तळोजा प्लँट, म्हणजे पार पनवेलजवळ. झालं! कांजूरवरून ठाणे, ठाण्यावरून पनवेल लोकल, सकाळी सातच्या शिफ्टला घरातून निघायचं साडेचारला. कंपनीची बस आहे, पण ती फक्त पनवेल स्टेशनवरून सुटते. आता गंमत बघा, बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे, पेंधर म्हणजे तळोज्यातच उतरलात, पण बसचा रूट त्याच्याही आधीचा. पेंधरला एक फेरी टाका म्हणून आम्ही सात जणांनी सह्या करून अर्ज दिला, उत्तर आलं की ट्रान्सपोर्ट परमनंट लोकांसाठी आहे, तुम्हाला बसायला देतो हेच खूप.

पासाचे पैसे देतात, खोटं नाही बोलणार. पण फक्त सेकंड क्लास लोकलचा पास, मेट्रो नाही, रिक्षा नाही, आणि पासाची झेरॉक्स पाच तारखेच्या आत नाही दिली तर तो महिना गेला. स्टायपेंड सात हजार (त्यातले दीड हजार सरकारचे, थेट खात्यात येतात), त्यात रिक्षाला रोज पैसे काढायचे म्हटलं तर घरी काय देणार?

सगळ्यात डोकं फिरतं ते सेकंड शिफ्टला. नियम असा आहे की खास परवानगी नसेल तर अप्रेंटिसला रात्री दहा ते सकाळी सहा कामावर ठेवता येत नाही. आमची कंपनी नियम पाळते हां, दहाच्या ठोक्याला मशीनवरून उठवतात. बस मात्र सुटते सव्वा अकराला, शिफ्ट सुटल्यावर. मग सव्वा तास गेटजवळच्या बाकड्यावर, सेफ्टी शूज काढून पाय वर घेऊन बसायचं, कारण खाली मच्छर. एकदा बस उशिरा निघाली, पनवेलवरून ठाण्याची लोकल चुकली आणि मी सकाळपर्यंत प्लॅटफॉर्मवर. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर काकांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली, एचआरने लेट मार्क.

कोणी जॉइन होत असेल तर करा, काम शिकायला मिळतं, लेथपासून हायड्रॉलिकपर्यंत सगळ्याला हात लावू देतात. पण सही करायच्या आधी विचारा की मरोळ किती महिने, नंतर कुठे, बस कुठून आणि किती वाजता, आणि ते मेलवर मागा, तोंडी "हो हो बघू" चालत नाही.

सध्या आम्ही चौघं पेंधरवरून एक रिक्षा ठरवलीय. तीन मागे, मी ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर.