घरपट्टीची पावती बघून मी चार लाख मोजले

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं, तेव्हा आमच्या हार्डवेअरच्या दुकानातला बहुतेक माल गेला. तेव्हापासून डोक्यात एकच होतं की सगळी कमाई एका गाळ्यात ठेवायची नाही. समुद्राकडेला एखादं घर घ्यावं, होमस्टे चालवावा. पण घर विकत घ्यायला पैसे कुठे होते? त्याच सुमारास मोबाइलवर अमेरिकेतल्या लीज ऑप्शनचे व्हिडिओ बघायला लागलो. घर आधी भाड्याने घ्यायचं, थोडी रक्कम देऊन तीन वर्षांत ठरलेल्या भावाने विकत घ्यायचा हक्क राखून ठेवायचा, नाही जमलं तर सोडून द्यायचं. शिवाय तो हक्क जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला विकताही येतो म्हणे. ऐकायला झकास होतं.

गुहागर तालुक्यातल्या एका गावात दलालाने घर दाखवलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या घरातल्या बाकीच्या माणसांची काहीच चूक नव्हती. चिऱ्याचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे सुपारी-नारळाचं आगर, त्यामागे सुरूचं बन आणि मग पुळण. मी पडवीत बसलो आणि मनातल्या मनात पाहुण्यांना सोलकढी वाढायला लागलो. असा माणूस कागद वाचत नाही.

मालक म्हणून जो भेटला तो घरातला थोरला मुलगा, गावातच राहणारा. त्याच्या नावाची ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती दलालाने समोर ठेवली. म्हणाला, "शेठ, कर हा भरतो म्हणजे घर ह्याचंच ना?" मला पटलं! भाव ठरला 36 लाख. हक्क राखायचे 4 लाख आगाऊ, भाडं महिना 12,000, त्यातले 5,000 पुढे किमतीतून वळते व्हायचे. दलाली 40,000, रोख. डिसेंबर 2022 मध्ये शंभराच्या स्टॅम्पवर करार झाला, नोटरीचा लाल शिक्का बसला, आणि मी पेढे वाटले.

मग संडास-बाथरूम, फरशी, वायरिंग, एक एसी यांत 2 लाख 75 हजार घातले. गवंडी ओळखीचा, माल दुकानातला, म्हणून तेवढ्यात भागलं.

मार्चमध्ये शिमगा आला. कोकणात मुंबईकर एरवी येवो न येवो, पालखीला घर उघडायला येतोच. मी शिडीवर चढून पडवीला रंग देत होतो आणि दारात रिक्षा थांबली. एक म्हातारी आत्या, तिचे दोन भाचे, त्यांच्या बायका, मुलं. आत्याने विचारलं, "तू कोण रे?" मी म्हटलं, "मी भाडेकरू, पुढे घर घेणार आहे." ती पायरीवरच बसली. "आमचं घर? आणि विकतोय कोण?"

त्या रात्री पालखी अंगणात आली, आत्याने ओटी भरली, आणि मी बांधावर उभा राहून बघत होतो. कोणी मला जा म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर त्या घरजागेचा डिजिटल सही असलेला सातबारा काढला. त्याला 15 रुपये पडतात. हे 15 रुपये मी 4 लाख देऊन झाल्यावर खर्च केले. त्यावर सहा नावं होती: थोरला, त्याचे दोन भाऊ, आत्या आणि मयत काकाचे दोन वारस. वाटप कधी झालंच नव्हतं. घरपट्टीचा उतारा फक्त कर कोणाकडून घ्यायचा ते सांगतो, मालकी सांगत नाही.

चिपळूणच्या वकीलबाईंनी करार एकदा उलटा, एकदा सुलटा वाचला. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावीच लागते. आमचा तीन वर्षांचा होता आणि नुसता नोटरी केलेला. नोटरी सही कोणाची ते बघतो, जागा कोणाची ते नाही. विक्रीचा भाग कोर्टात पुरावा म्हणून कदाचित मांडता येईल, पण सही ज्याची त्याच्या हिश्शापुरताच. आणि तो हिस्सा मिळाला तरी काय? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 नुसार, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला त्या कुटुंबासोबत ताबा मागता येत नाही. म्हणजे 36 लाखांतल्या एका तुकड्याचा मालक होऊन मी पुन्हा बांधावरच.

आता दलालाचं. त्याच्या कार्डावर ‘महारेरा नोंदणीकृत’ आणि खाली लांबलचक नंबर होता. महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली बांधकाम-प्लॉटचे प्रकल्प आणि दलाल यांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण. नंतर बघितलं तर तो ‘पी’ने सुरू होणारा, म्हणजे कुठल्या तरी प्रकल्पाचा. एजंटचा नंबर ‘ए’ने सुरू होतो. तसं बघितलं तर जुन्या वडिलोपार्जित घराच्या व्यवहाराला रेरा लागूच नव्हता. तो नंबर नुसता दाखवण्यापुरता होता.

पण जिथे रेरा लागू होता तिथे मीच अडकलो होतो, आणि हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. त्याच दलालाची जवळच एक प्लॉटची स्कीम होती. "गिऱ्हाईक आणा, दोन टक्के तुमचे," म्हणाला. मी साडूंना घेऊन गेलो, त्यांनी 50,000 टोकन दिलं. नोंदणीशिवाय अशा प्रकल्पातली विक्री जुळवून देणाऱ्याला कायद्यात दिवसाला 10,000 रुपये दंड आहे, प्लॉटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. मी स्वतःला गुंतवणूकदार समजत होतो, वकीलबाईंनी सरळ सांगितलं, "तुम्ही बिनपरवाना दलाल झालात." व्हिडिओतल्या अमेरिकेतही हे मोकळं रान नाही. इलिनॉय राज्याने 2019 मध्ये कायदा बदलला आणि बारा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा घर घ्यायच्या हक्काचे असे करार पुढे विकणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. हे त्या व्हिडिओत कोणी बोललं नव्हतं.

पोलिसांनी अर्ज घेतला आणि "हा दिवाणी वाद आहे" म्हणाले. थोरल्याने 4 लाखांतले दीड लाख कर्जात भरले होते, बाकीचं माहीत नाही म्हणतो. दलालाचा फोन बंद. चार महिन्यांचं भाडं धरून माझे 7 लाख 63 हजार गेले. थोरल्यावर वसुलीचा दावा लावलाय, तारखा पडताहेत.

साडूंचे 50,000 मी दुकानातून दिले. त्यांनी नोटा मोजल्या, दुसऱ्यांदाही मोजल्या, आणि पावती लिहून मागितली.